प्रश्न सापडत नाही? आधी अंदाज चुकू द्या

आदरणीय सर,

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. नववी-दहावीच्या मुलांकडून दरवर्षी एक संशोधन प्रकल्प करून घ्यायचा असतो. ‘रोजच्या आयुष्यातला एखादा प्रश्न घ्या, पण तो तुमचा स्वतःचा असू द्या,’ असं मी पहिल्याच दिवशी सांगते. आठवड्याभरात सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी येतो, लिंबाची बॅटरी येते, आणि बाकीची मुलं इंटरनेटवरची ‘पन्नास सोपे प्रकल्प’ असली यादी छापून आणतात. जी दोन-तीन मुलं खरंच डोकं लावतात, ती ‘कॅन्सरवर औषध’ नाहीतर ‘प्रदूषणमुक्त शहर’ घेऊन येतात. मुलं हुशार आहेत, पण त्यांना प्रश्नच पडत नाहीत. की मलाच ते काढून घेता येत नाहीत? आणि खरं सांगू का, रोजच्या गोष्टींत आता नवीन काही उरलंय तरी का? सगळं कुणी ना कुणी करून ठेवलेलंच असतं.

– एक विज्ञान शिक्षिका

बाई,

तुमच्या शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो.

गळक्या नळाचा थेंब बादलीत पडला की ‘टपक्’ असा आवाज येतो. हा आवाज नेमका कशाचा? वर्गात विचारून बघा. ‘थेंब पाण्यावर आपटतो त्याचा,’ असंच उत्तर येईल. मीही तेच दिलं असतं. पाण्यात पडणाऱ्या थेंबाचे फोटो 1908 सालीच छापून आले होते. त्यानंतरही त्यावर अधूनमधून काम होत राहिलं, पण आपल्या कानांवर पडणाऱ्या आवाजाचा धागा सुटलेलाच राहिला. मग केंब्रिज विद्यापीठातले एक संशोधक मित्राच्या घरी मुक्कामाला गेले. तिथलं छत गळत होतं, खाली बादली लावलेली, आणि त्या टपटपीनं त्यांच्या डोळ्याला डोळा लागेना. परतल्यावर त्यांनी सहकाऱ्यांना घेऊन वेगवान कॅमेरा लावला, एक मायक्रोफोन हवेत आणि एक पाण्याखाली ठेवला. थेंबाचं आपटणं जवळजवळ निःशब्द निघालं. थेंबामुळे पाण्यात खळगा पडतो, तो मिटताना खाली हवेचा एक बारीक बुडबुडा अडकतो, हा बुडबुडा थरथरतो आणि वरचा पाण्याचा पृष्ठभागही थरथरवतो. आपण ऐकतो ते हे. पाण्यात भांडी घासायचा थोडा द्रवसाबण टाकला की आवाज बंद. हे प्रसिद्ध झालं 2018 मध्ये.

तेव्हा नवीन उरलंय का म्हणाल, तर पोतंभर उरलंय.

मुलांना प्रश्न पडत नाहीत, हे मात्र मला पटत नाही. पडतात. आपण उत्तर देऊन ते संपवतो. हे पाप मी स्वतः केलेलं आहे, म्हणून सांगतो.

नववीचा वर्ग होता. तास संपता संपता मी ओल्या फडक्यानं फळा पुसत होतो. पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘सर, फळा सगळीकडे सारखा का वाळत नाही?’ मी पाठमोराच ‘बाष्पीभवन’ म्हणालो. एकच शब्द. ती गप्प बसली. मला वाटलं, शंका फिटली. शंका कसली फिटतेय, या माणसाला विचारण्यात अर्थ नाही एवढंच तिला कळलं असणार.

पण पोरगी चिवट होती. चार दिवसांनी पुन्हा उभी राहिली. ‘सर, बाष्पीभवन तर सगळीकडेच होतं ना? मग कडा आधी का वाळतात आणि मधला डाग का मागे राहतो?’

आता माझ्याकडे तयार शब्द नव्हता. मी विचारलं, ‘तुला काय वाटतं?’

‘कडेला पाणी कमी लागत असेल.’

‘मग सगळीकडे सारखं पाणी लावलं तर?’

‘तर सगळं एकदमच वाळेल.’

‘लिहून ठेव,’ म्हणालो. यात माझं शहाणपण काही नव्हतं, घंटा झाली होती.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिनं आणि तिच्या मैत्रिणीनं फळ्यावर खडूनं वीतभर चौकोन आखला, तो ओला केला आणि घड्याळ लावलं. पाच वेळा केलं. पाच वेगळे आकडे, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. बहुतेक मुलं इथेच हात टेकतात आणि आपणही ‘सरासरी काढा’ म्हणून मोकळे होतो. त्या दोघी मात्र बराच वेळ त्या फडक्याकडे बघत बसल्या. मग एक म्हणाली, ‘दर वेळी किती पाणी लागतंय, ते आपल्याला कुठे माहीत आहे?’ आणि दुसरीनं जे केलं ते मला कधीच सुचलं नसतं. तिनं प्रयोगशाळेतल्या तराजूवर फडकं ठेवलं. पुसण्याआधी फडक्याचं वजन, पुसल्यावर फडक्याचं वजन. वजाबाकी केली की फळ्यावर गेलेलं पाणी मिळालं. वीतभर चौकोनावर दोन-तीन ग्रॅमचा मामला असतो, पण चांगल्या तराजूला तो पकडता येतो.

त्यानंतर आकडे ओळीत यायला लागले. सारखं पाणी गेलं की वेळही साधारण सारखा. पण लिहून ठेवलेला अंदाज साफ पडला, कारण पाणी शक्य तितकं सारखं लावूनही कडा आधीच वाळत होत्या. शिवाय खालची बाजू रेंगाळायची, कारण उभ्या फळ्यावर पाणी खाली ओघळतं. मग त्यांनी जुनी पाटी आडवी ठेवून केलं. ओघळण्याचा प्रश्न मिटला, कडांचा मिटला नाही. कडेच्या पाण्यातून निघालेल्या वाफेला बाजूनंही पसरायला मोकळी जागा मिळते, मधल्या पाण्याला वरची तेवढीच, हे आम्हाला नंतर समजलं. आणि अशा घोळात तिसऱ्या आठवड्यात एक वाक्य वहीत आलं: ‘पाणी दुप्पट केलं तर वाळायला वेळ दुप्पट लागतो का?’

बाई, हा प्रश्न बघा. ऐकायला साधा आहे. पण पाणी कमी झालं की थर अखंड राहत नाही, फुटतो, त्याचे ठिपके होतात आणि मग हिशेबच बदलतो. नेमका कुठे बदलतो? गुळगुळीत पाटीवर आणि खडबडीत पाटीवर एकाच जागी बदलतो का? खडूची भुकटी साचलेली असेल तर? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला पुस्तकात मिळालं नाही आणि त्या दोघींनाही दिसत होतं की सरांना ते येत नाही. त्यानंतर त्यांना ‘प्रकल्प पूर्ण करा’ असं सांगावं लागलं नाही.

तुमची अडचण मला इथे दिसते. तुम्ही पहिल्या दिवशी प्रश्न मागता. स्वतःचा म्हणावा असा प्रश्न पहिल्या दिवशी कुणाकडेच नसतो, तुमच्या-माझ्याकडेही नसतो. पहिल्या दिवशी असतो तो सगळ्यांचा प्रश्न. तो धरून चाललं, काहीतरी मोजलं, आणि आपला अंदाज चुकला, की जो दुसरा किंवा तिसरा प्रश्न पडतो तो आपला. म्हणून पहिल्या दिवशी प्रश्न मागू नका, अंदाज मागा.

त्यासाठी मी एक साधी वही वापरायचो. डाव्या पानावर ‘मला वाटतं’, उजव्या पानावर ‘झालं’. डावं पान करून बघण्याआधी भरायचं, शाईनं, आणि जमेल तिथे आकड्यासकट. ‘दुमडलेला रुमाल उशिरा वाळेल’ असं लिहिलेलं चालणार नाही. किती पट उशिरा? दुप्पट, दीडपट, चौपट? आकडा लिहिला की तो चुकू शकतो. ‘उशिरा वाळेल’ हे वाक्य कधीच चुकणार नाही, आणि म्हणून त्यातून काही निघणारही नाही.

पुस्तकात शिकलेलं नीट पाठ असलेल्या मुलांना चुकवायचं असेल तर हे करा. एक उंच आणि एक बुटकी मेणबत्ती शेजारी पेटवा, दोन्हींवर एकच मोठी काचेची बरणी उपडी घाला. (तुम्ही समोर उभ्या राहून, केस-ओढण्या बांधून.) आधी कुठली विझेल? हुशार मुलं हमखास ‘बुटकी’ लिहितात, कारण कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो हे त्यांना परीक्षेपुरतं पक्कं माहीत असतं. आधी विझते ती साधारणपणे उंच, कारण ज्योतीतून निघालेला वायू गरम असतो, तो वर जातो आणि बरणीत वरून खाली साचत येतो. डाव्या-उजव्या पानांचं भांडण लागलं की वर्ग कसा जागा होतो, ते बघाल. मग विचारा, बरणी किती मोठी घेतली की हा फरक मिटेल? मेणबत्त्यांच्या उंचीत निदान किती फरक हवा? बघा, एका मिनिटात दोन प्रश्न झाले, आणि दोन्हींची उत्तरं पट्टी आणि घड्याळ घेऊन काढता येतात.

‘का’ विचारलं की मुलं पुस्तकातला शब्द शोधतात. ‘किती’, ‘केव्हापासून’, ‘कुठवर’, ‘कशावर अवलंबून’ असं विचारलं की हात चालायला लागतात. कागद सात-आठपेक्षा जास्त वेळा अर्ध्यात दुमडता येत नाही, हे आपण सगळे ऐकत आलो आहोत. कॅलिफोर्नियातल्या ब्रिटनी गॅलिव्हन या मुलीनं ‘का नाही’वर न थांबता ‘मग किती लांब कागद लागेल’ असा हिशेब मांडला. प्रत्येक घडीत कागदाचा काही भाग नुसता वळणातच खर्च होतो, हे धरून तिनं सूत्र काढलं आणि जानेवारी 2002 मध्ये टॉयलेट पेपरची सुमारे 1.2 किलोमीटर लांब पट्टी बारा वेळा दुमडून दाखवली. तेव्हा ती शाळेत, आपल्या अकरावीच्या वयाची होती.

आता एक गोष्ट जरा सावकाश सांगतो, कारण ती अर्धीच सांगितली जाते. 1963 साली टांझानियात एरास्टो म्पेम्बा नावाचा मुलगा शाळेत आईस्क्रीम बनवत होता. फ्रीझरमध्ये जागा पकडायच्या घाईत त्यानं उकळलेलं दूध गार न करताच आत ठेवलं आणि ते शेजारच्या गार मिश्रणाआधी गोठलं. शिक्षक म्हणाले, तुझा गोंधळ झालाय. पुढच्या शाळेतही ‘हे म्पेम्बाचं भौतिकशास्त्र’ म्हणून चेष्टा झाली. मग व्याख्यानाला आलेल्या डेनिस ऑसबोर्न या प्राध्यापकांना त्यानं भर सभेत तोच प्रश्न विचारला. मुलं हसली, पण ऑसबोर्न यांनी परत जाऊन तो प्रयोग करून बघायला लावला आणि 1969 मध्ये दोघांच्या नावानं लेख आला. बहुतेक जण इथे टाळ्या वाजवून थांबतात. पण पुढे काय झालं? 2016 मध्ये दोन संशोधकांनी काळजीपूर्वक पुन्हा मोजलं, आणि तापमापक एखाद सेंटिमीटर वरखाली झाला तरी असा परिणाम खोटा दिसू शकतो, असं दाखवलं. ‘गोठलं’ म्हणजे काय, पहिला स्फटिक दिसला तेव्हा की सगळं घट्ट झालं तेव्हा, यावरही वाद आहेत. मला ही गोष्ट आवडते ती म्हणूनच. म्पेम्बा बरोबर होता की नाही, यावर पन्नास वर्षं मोठमोठी माणसं तापमापक घेऊन भांडू शकली, एवढा चांगला तो प्रश्न होता. मुलांना ही गोष्ट सांगाल तर तापमापकासकट सांगा.

‘हे आधीच कुणीतरी केलंय’ हे कळल्यावर मुलांचे चेहरे पडतात, ते मी पाहिलंय. त्यांना कॉफीचा डाग दाखवा. सांडलेला थेंब वाळला की मध्ये फिका आणि कडेला गडद कडं उरतं. हे 1997 मध्ये शिकागोच्या गटानं उलगडलं. थेंबाची कड खडबडीत पृष्ठभागावर अडकून बसते, कडेचं पाणी लवकर उडतं, ते भरून काढायला मधलं पाणी कडेकडे वाहतं आणि कॉफीचे कण सोबत ओढत नेतं. (आमच्या फळ्याची कड आठवली? मला हे वाचताना ती पोरगीच आठवली.) झालं, प्रश्न सुटला, दुकान बंद. पण 2011 मध्ये दुसऱ्या एका गटानं विचारलं, कण गोल नसून लांबट असतील तर? लांबट कणांनी केलं तर कडं जवळजवळ नाहीसंच झालं, डाग एकसारखा पसरला. आधीच्या प्रयोगातली एकच गोष्ट बदलली होती. तेव्हा मुलानं आणलेला प्रश्न कुणी सोडवलेला निघाला, तर ‘दुसरा प्रश्न शोध’ म्हणू नका. तो लेख किंवा निदान त्याचा गोषवारा त्याच्यासोबत बसून वाचा आणि विचारा, यांनी काय बदललं नाही? पृष्ठभाग एकच होता का? थेंब तिरका होता का? दोन थेंब शेजारी असते तर? एकमेकांजवळ वाळणारे दोन थेंब ही फार मजेची गोष्ट आहे, कधीतरी भिंगातून बघा.

घेऊ नयेत असे प्रश्न थोडक्यात सांगतो. ‘कुठला साबण चांगला’ छापाची तुलना नको. त्यात निकाल लागतो, पण समजत काही नाही. तोच विद्यार्थी ‘फेस किती वेळ टिकतो ते पाण्यातल्या मिठावर अवलंबून आहे का’ असं विचारू शकतो. कॅन्सरवाल्या मुलाला नाउमेद करू नका, पण एका दुपारी वीस वेळा करून बघता येईल एवढा छोटा तुकडा त्याच्याकडून पाडून घ्या. वीस वेळा करता येत नसेल तर शाळेतल्या मुलासाठी तो प्रश्न अजून मोठाच आहे. जंतू वाढवणं, प्राण्यांना त्रास होईल असं काही, माणसांवर प्रयोग, यात नियम असतात आणि धोकाही, ते पहिल्या वर्षी टाळाच. आणि ज्याचं उत्तर ‘हो’ आलं तरच मजा, ‘नाही’ आलं तर प्रकल्प फुकट, असा प्रश्न असेल तर तो थोडा वळवून घ्या.

उपकरणांचं रडगाणं बहुतेक शाळांत असतं. आग्नेस पॉकेल्स ही जर्मन बाई विद्यापीठात जाऊ शकली नाही, कारण तेव्हा तिथे मुलींना प्रवेशच नव्हता. घर सांभाळता सांभाळता, भांडी धुतलेल्या पाण्याचा पृष्ठभाग मळला की कसा वेगळा वागतो, ते तिनं स्वयंपाकघरात पत्र्याचं उथळ भांडं आणि पत्र्याची पट्टी घेऊन मोजलं. 1891 मध्ये तिनं हे सगळं लॉर्ड रॅली या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञांना पत्रानं कळवलं आणि त्यांनी ते ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आणलं. तुमच्या मुलांच्या हाताशी तर फोन आहे. त्यातला मंदगती व्हिडिओ सेकंदाला 240 चित्रं घेत असेल, तर घसरणारी, उसळणारी, फुटणारी कुठलीही गोष्ट त्यांच्या आवाक्यात आली. ‘फायफॉक्स’ नावाचं एक मोफत ॲप आहे, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठातल्या लोकांनी केलेलं. ते फोनमधले संवेदक (सेन्सर) वापरून कंप, दाब, आवाज मोजून देतं. फक्त फोन पहिल्या आठवड्यात देऊ नका. आधी डोळे, पट्टी, घड्याळ आणि ती वही. नाहीतर मुलं आलेखच बघत बसतात.

आता तुमच्याकडे येतो, कारण अवघड काम तुमचं आहे. उत्तर माहीत असताना ते न देणं शिक्षकाला जड जातं. जिभेवर आलेलं ‘पृष्ठताण’ गिळायचं आणि ‘तुला काय वाटतं, किती?’ म्हणायचं. आणि माहीत नसताना ‘मला माहीत नाही’ म्हणायचं, ते तर त्याहून जड. मला पहिल्यांदा ते म्हणायला बरीच वर्षं लागली. वर्गात हसतील असं वाटलं होतं. हसलं कुणी नाही. उलट मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, ‘मग करून बघूया का?’

ज्वालामुखी आणणाऱ्या मुलालाही परत पाठवू नका. सोडा दुप्पट केला तर फेस दुप्पट उंच येईल का, एवढंच डाव्या पानावर लिहून घ्या. बहुधा येणार नाही. व्हिनेगर पुरणार नाही, भांड्याचं तोंड आड येईल, फेस चढतानाच फुटत जाईल. त्याला चिडू द्या.

आणि फळ्याचं राहिलंच. खडूची भुकटी साचलेल्या जागी पाणी लवकर वाळतं की उशिरा, हे आमच्याकडून नीट झालंच नाही, दोघी दहावीत गेल्या आणि अभ्यासाला लागल्या. तुमच्या वर्गात फळा असेल, फडकं असेल, तराजू मिळेल. कुणी मोजलंच तर आकडे मला कळवा, सरासरी न काढता, जसे आले तसे.